मधल्या खोलीतला समुद्र

लिहायला बसले आहे खरी, पण आधी माफी मागते. माणसांवर लिहायचं तर माणसं ओळखायची नजर लागते, आणि माझं लिखाण आजवर प्रॅक्टिकलच्या जर्नलपलीकडे गेलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे चुकलं तर सांगणारं घरात कुणी नाही आणि बरोबर आलं तरी ते बरोबर आहे हे कळणारंही कुणी नाही. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायचं ते माझे सख्खे मामा. भाचीने मामाबद्दल चारचौघांत असं बोलावं की नाही, हाही प्रश्न आहेच. पण कुणीतरी हे सांगून ठेवायला हवं की जुन्नर तालुक्याला समुद्र आहे. तो खोडदला आहे, माझ्या मामांच्या मधल्या खोलीत, फ्रिज आणि गव्हाच्या कोठीच्या मध्ये.

समुद्र म्हणजे काचेची टाकी, दिवाणाएवढी लांब. तिच्यात खारं पाणी, पांढरी वाळू, रचून ठेवलेले भोकाभोकांचे दगड आणि दिवसभर लाट उठवणारे पंप. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची एक जोडी, एक लाल-पांढरी कोळंबी, काच चाटत फिरणाऱ्या गोगलगाई, आणि मधल्या दगडावर प्रवाळ. प्रवाळ म्हटलं की आपल्याला अंगठीतलं पोवळं आठवतं. हे तसलं टणक नव्हतं. मऊ, कातड्यासारखं, मोठ्या थोरल्या अळिंबीच्या आकाराचं, आणि वरच्या छत्रीवर बारीक बारीक असंख्य बोटं. पंपाची लाट आली की बाजरीच्या शेतावरून वारा जावा तशी ती बोटं एका बाजूला कलत आणि पुन्हा उभी राहत. आपल्या समुद्रातलं प्रवाळ काढायला बंदी आहे, हे मामा येणाऱ्या प्रत्येकाला कुणी न विचारता सांगत. हे परदेशात टाकीतच वाढवलेलं आणि पुण्यातल्या दुकानातून रीतसर पावतीने आणलेलं होतं. मामांनी त्याचं नाव ठेवलं होतं थोरली. मामांना दोन मुलगे, दोघंही चाकणला कामाला. लेक नाही.

सुरुवात टीव्हीपासून झाली. मामा एकदा नारायणगावला नवा टीव्ही घ्यायला गेले. दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले आणि सगळ्यांत एकच चित्र चाललेलं, निळं पाणी, रंगीत मासे, डोलणारं प्रवाळ. मामा त्यापुढे उभे राहिले ते परतीची एसटी निघून गेली तरी उभेच. शेवटी ज्यात समुद्र सगळ्यात चांगला दिसत होता तो टीव्ही त्यांनी निवडला, टेम्पोतून घरी आणला, भिंतीला लावला, आणि त्यात बातम्या लागल्या. मामांनी सगळी चॅनेलं फिरवली. हिंदी मालिका लागली, कीर्तन लागलं, भजी तळणारी बाई लागली, समुद्र काही लागेना. दुसऱ्या दिवशी टीव्ही पुन्हा खोक्यात घालून मामा दुकानात हजर.

"ह्याच्यात तो समुद्र आलाच न्हाई," ते म्हणाले.

"मामा, तो डेमो असतो," दुकानातला पोरगा म्हणाला.

"मग डेमो द्या की. आमी काय नको म्हणतोय का?"

डेमो काही मिळाला नाही, म्हणून मामा पुढे पुण्याहून टाकीच घेऊन आले. ही गोष्ट मामी आल्यागेल्याला चहाबरोबर सांगते आणि मामाही ऐकत बसतात, दुसऱ्या कुणाची गोष्ट चालल्यासारखे. पण त्या गोष्टीच्या कितीतरी आधीची एक गोष्ट मामी सांगत नाही. ती मला आईने सांगितली. दहावी झाल्यावर मामा नौदलाच्या भरतीला मुंबईला जाऊन आले होते. धावणं, छाती, डोळे, सगळ्यात पास. घरी येऊन त्यांनी तसं सांगितलं तेव्हा आजोबांनी नुकतीच द्राक्षाची बाग धरली होती आणि मांडवाचे खांब रोवायचं काम चाललं होतं. आजोबा रागावले नाहीत. "जा की," म्हणाले, आणि पहार उचलून एकटेच खड्डा घ्यायला लागले. मामांनी थोडा वेळ बघितलं आणि त्यांच्या हातातली पहार घेतली. आई म्हणते, ती त्यांनी अजून खाली ठेवलेली नाही.

म्हणूनच की काय, मामांच्या लेखी टाकी म्हणजेही बागच, फक्त बुडालेली. दिवे लावणं याला ते ऊन देणं म्हणत, पाण्यात कॅल्शियम घालण्याला डोस. थोड्या थोड्या दिवसांनी जुनं पाणी काढून नवं खारं पाणी घालावं लागे, त्याला त्यांचा शब्द होता बागेला पाणी देण्याचाच, पाळी. "आज समुद्राची पाळी हाय," असं ते फोनवर सांगत आणि पलीकडच्या माणसाला काही सुधरत नसे. द्राक्षवाल्यांकडे साखर बघायचं एक यंत्र असतं. काचेवर रसाचा थेंब ठेवायचा, डोळ्याला लावून उजेडाकडे बघायचं, आत रेषा दिसते. पाण्याचा खारेपणा बघायचं यंत्रही हुबेहूब तसंच. मामा साखरेचं उजव्या खिशात ठेवत आणि मिठाचं डाव्या खिशात. एका हंगामात व्यापारी बाग बघायला आला आणि नेमका त्या दिवशी मामीने सदरा धुऊन खिसे उलटेपालटे भरले होते. मामांनी द्राक्षाचा मणी दाबून थेंब ठेवला, डोळ्याला लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काय मामा, साखर कमी हाय का?" व्यापाऱ्याने विचारलं.

"रेषाच न्हाई. सगळं पांढरं." मामांनी यंत्र डोळ्यापासून लांब धरून बघितलं. "थांबा, हे समुद्राचं हाय."

खोडदला एक बागायतदार द्राक्षातलं मीठ बघून भाव ठरवतो, असं नारायणगावच्या मार्केटात पुढे कितीतरी दिवस सांगितलं जात होतं. मामांना त्याचं काही वाटलं नाही. वाटलं असेल तर एवढंच, की लोकांना समुद्राबद्दल बोलायला काहीतरी निमित्त झालं.

मधल्या खोलीचे कायदे कडक होते. तिथे उदबत्ती लावायची नाही, डासांची कॉइल नाही, सेंट मारून यायचं नाही. त्यापायी देव्हारा पुढच्या खोलीत गेला. "देव हलवले, पण टाकी न्हाई हलवली," असं मामी म्हणे. पाण्यात हात घालायचा तर कोपरापर्यंत साध्या पाण्याने धुवायचा, साबण चालत नाही. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून घरातला एकुलता एक कूलर टाकीकडे तोंड करून, आणि मामा-मामी गच्चीवर मच्छरदाणीत. बिबट्या फिरतोय म्हणून सगळं गाव दारं लावून झोपलं तरी मामा खाली झोपायला तयार नसत. दोन माणसांच्या अंगाची ऊब खोलीत नको, असं त्यांचं म्हणणं. "माझ्या दोन्ही बाळंतपणांत असला कूलर नव्हता," मामी म्हणायची, आणि टाकीला ती उघड उघड सवत म्हणायची. पण मी सुट्टीत गेले की पाहायची, दुपारची भांडी झाली की मामी पदराला हात पुसत टाकीपुढे येऊन उभी राहायची आणि कुणी आलं की उगीच फ्रिज उघडायची.

मामांचा लाड कोळंबीवर. बागेत काम करून नखांत चीक बसलेला असे. मामा हात धुऊन टाकीत घालत आणि ती कोळंबी तुरतुरत येऊन त्यांची नखं कोरत बसे. मामा डोळे मिटून घेत. "माझी लेकबी नखं काढून देत नसती अशी," म्हणत. आणि त्या नारिंगी माशांबद्दल त्यांनी एकदा देवळापुढच्या पारावर माहिती दिली, की ह्यांच्यात बायको मेली तर नवराच बदलून बायको होतो. मग एक म्हातारबाबा म्हणाले, "मंग भाकऱ्या कोण करतंय?" मामांनी तो प्रश्न घरी आणला आणि त्यावर मामीचं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

थोरलीची गोष्ट वेगळी. ती रुसायची. हे प्रवाळ मधूनच सगळी बोटं आत ओढून घेतं, अंगावर मेणासारखा पापुद्रा धरतं आणि कित्येक दिवस तसंच राहतं. मग पापुद्रा टाकून पुन्हा फुलतं. असं होतं, यात काळजीचं काही नाही, हे मामांना पक्कं माहीत होतं, आणि तरीही ती रुसली की त्यांचं जेवण कमी व्हायचं. टीव्हीचा आवाज बारीक व्हायचा. मला अवसरीच्या हॉस्टेलवर फोन यायचा. "काय न्हाई, सहज केला. अभ्यास चाललाय ना? थोरली मिटलीय परवापासनं." मी इंजिनिअरिंगला आहे म्हणजे मला सगळं कळत असणार, अशी त्यांची समजूत होती. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. मी आपली "उमलेल मामा" म्हणायची आणि ती उमलायची.

मुलांनी एकदा दोघांना अलिबागला नेलं. मामांनी खरा समुद्र पहिल्यांदा धड बघितला तो तेव्हा, पन्नाशी उलटल्यावर. भरतीच्या वेळी मुंबईत त्यांनी बघितला होता तो बसच्या खिडकीतून. किनाऱ्यावर गेल्या गेल्या त्यांनी डाव्या खिशातलं यंत्र काढलं, थेंब ठेवला, बघितलं. "खारटपणा बरोबर हाय," म्हणाले. मग पाण्याकडे, वाळूत पडलेल्या पिशव्यांकडे आणि घोडागाडीकडे बघून म्हणाले, "पन मेंटेनन्स न्हाई." मुलं अजून हे सांगून हसतात. मामी सांगते की त्यानंतर ते विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात जाऊन उभे राहिले आणि हाका मारल्या तरी दिवेलागण होईपर्यंत बाहेर आले नाहीत.

खोडदला त्या मोठमोठ्या जाळीच्या दुर्बिणी आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. त्या बघत नाहीत, ऐकतात. आकाशातून येणारे अगदी बारीक रेडिओचे आवाज. आसपास कुणी खरखर करणारं यंत्र बसवलं की यांच्या आकाशात खरखर ऐकू येते, म्हणून त्यांची एक गाडी अँटेना घेऊन ती शोधत फिरते. एके दिवशी ती मामांच्या दारात थांबली. आतून एक तरुण माणूस उतरला.

"मामा, तुमच्याकडे नवीन काही बसवलंय का? मोटर, वेल्डिंगचं मशीन?"

"न्हाई बा," मामा म्हणाले. "समुद्र हाय फक्त."

तो माणूस हातातली अँटेना घेऊन आत आला आणि ती थेट टाकीवरच्या दिव्यांकडे वळली. खरखर दिव्यांच्या अडॅप्टरची होती. पण ते सांगायच्या आधीच तो टाकीपुढे फरशीवर बसला. वेंगुर्ल्याकडचा होता, घर सोडून बरेच महिने झाले होते.

"तुमाला काय कौतिक असणार," मामा म्हणाले. "तुमच्या दारातच हाय की."

"आमच्याकडे समुद्राकडे कोण बघत नाय हो मामा," तो म्हणाला. "घरंसुद्धा त्याच्याकडे पाठ करून बांधलेली. मासा बघायचा तो ताटात."

त्याच्या सांगण्यावरून अडॅप्टर तेलाच्या पत्र्याच्या डब्यात बसवला, डब्याला अर्थिंग दिलं, आणि आकाश शांत झालं. मामांना मात्र त्या खरखरीचा अभिमान होता. "माझ्या टाकीचा आवाज पार ताऱ्यांच्या आड गेला व्हता," असं ते सांगत. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी तो दुर्बिणीवाला येऊन बसू लागला, आणि मामांनी त्याला पावणे करून टाकलं. नाटकाचं तिकीट काढल्यासारखे मामा आणि पावणे टाकीपुढे बसत आणि फारसं बोलत नसत. मामी चहा ठेवून जाई, कप नेताना म्हणे, "झालं का बघून? न्हाई, अजून कुठं जायचं ऱ्हायलं असंल तर सांगा."

मग पावण्यांचं इथलं काम संपलं. गावी जाऊन छोटी टाकी करीन म्हणाले, आणि भीत भीत थोरलीचा एक तुकडा मागितला. या छंदात तशी रीतच आहे. प्रवाळाचा तुकडा कापून दिला की तो दुसरीकडे धरतो आणि मूळही भरून येतं. शिवाय आपली टाकी कधी बिघडली तर आपलंच प्रवाळ दुसऱ्याकडे शिल्लक राहतं. मामांना हे सगळं ठाऊक होतं, छाटणीत आयुष्य गेलेलं. पण त्यांनी त्या माणसाला समोर बसवलं आणि मुलीचा बाप विचारतो तशा चौकशा केल्या. पाणी कुठलं? लाईट किती जाती? टाकी कुठल्या खोलीत ठेवणार? घरात मांजर हाय का? आई तापट हाय का? पावणे सगळ्याची खाली मान घालून उत्तरं देत होते. मामांनी एक आठवडा विचार केला आणि होकार दिला.

कापायच्या दिवशी मी तिथे होते. नवी कात्री शुद्ध पाण्याने धुतलेली. मामांनी छत्रीचा बोटभर काठ कापला तेव्हा थोरलीने एकदम सगळं आत ओढून घेतलं आणि मामांनीही श्वास आत घेतला. तुकडा पाण्याच्या पिशवीत, पिशवी थर्मोकोलच्या खोक्यात. खोक्याचं झाकण लावल्यावर मामी आतून हळदीकुंकू घेऊन आली. खोक्याला बोट लावलं, त्यावर तांदूळ आणि नारळ ठेवला. त्या बिचाऱ्याला तो नारळ घेऊन कोकणात जावं लागलं. एसटी हलल्यावर मामा पाठ फिरवून डोळे पुसत होते. "कुठंतरी फवारणी चाललीय," म्हणाले. वारा अगदीच पडलेला होता.

थोरलीचा तुकडा म्हणून तिचं नाव धाकटी. धाकटी पोचली, धाकटीने दगड धरला, धाकटी उमलली, असे फोन सुरुवातीला आले. मग ते कमी झाले. मामांनी आपणहून कधी केला नाही. लेकीच्या घरी वरचेवर फोन करू नये, त्यांना वाटतं आपल्यावर नजर ठेवतायत, असं त्यांचं मत.

पुढच्या हिवाळ्यात अवकाळी पाऊस आला. मामा घोडेगावला लग्नाला गेले होते. सकाळी वादळात खांब पडले, लाईट गेली, दुपारपर्यंत इन्व्हर्टरही बसला आणि पंप थांबले. पाणी हललं नाही तर टाकीतल्या जिवांचा दम कोंडतो. अशा वेळी काय करायचं हे मामांनी मामीला शिकवून ठेवलं होतं. भांडं बुडवून पाणी काढायचं आणि वरून धार धरून पुन्हा टाकीत सोडायचं, म्हणजे हवा मिसळते. मामी बसली. घरातली सगळ्यात स्वच्छ बादली तिने शोधली, राखेने घासली, विसळली, आणि दुपारपासून अंधार पडेस्तोवर पाणी काढत आणि ओतत राहिली. उजवा हात भरून आला तेव्हा डाव्याने. मध्येच शेजारीण बघायला आली तर तिलाही उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, तिच्या केसांना वासाचं तेल होतं म्हणून. लाईट आली, पंप सुरू झाले, आणि मग मामा आले. कोपरापर्यंत भिजलेली मामी फरशीवर बसलेली आणि थोरली पूर्ण उमललेली. मामा दारातच उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः चहा केला आणि मामीला दिला.

बादली बागेतली होती. द्राक्षावर रोग पडू नये म्हणून आम्ही बोर्डो मारतो, मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबं. वेलाला औषध. माशांनाही त्याचं फारसं काही होत नाही. पण प्रवाळाला, कोळंबीला त्याचा अंशसुद्धा सहन होत नाही, आणि राखेने घासून ते जात नाही. दुसऱ्या दिवशी कोळंबी उताणी पडली. मग गोगलगाई काचेवरून गळाल्या. थोरली मिटली. मामा म्हणाले, रुसलीय, काल दमली असंल. ती रुसली नव्हती. आठवडा गेला आणि तिची छत्री विरघळायला लागली.

मामांनी बादली नंतर पाहिली. मोरीत पालथी घातलेली होती. उलटी करून बघितली तर कड्याच्या खाली, जिथे घासणी पोचत नाही तिथे, निळसर रेघ. त्यांनी ती अंगठ्याने पुसून बघितली आणि बादली होती तशी पालथी घालून ठेवली. गावाला सांगितलं, लाईट गेली व्हती. मुलांना तेच, मला तेच. खरं मला मामीने सांगितलं, मेथी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिने त्यांना ती रेघ पुसताना पाहिलं होतं.

"एका शब्दानं बोलले न्हाईत गं मला," ती म्हणाली. "बोलले असते तर बरं झालं असतं. मलाबी बोलता आलं असतं."

तांबं दगडांत मुरतं, म्हणून मामांनी सगळे दगड आणि वाळू टाकून दिली. टाकी धुतली, नवे दगड आणले, नवं पाणी केलं. तोवर मासे टबात होते. ते परत सोडले तेव्हा ती जोडी सरळ टाकीच्या मध्यावर गेली. थोरलीच्या बोटांत ती दोघं झोपायची. आता तिथे काही नव्हतं, तरी ती तिथेच, पाण्यात तेवढ्याच उंचीवर, हलत राहिली. अजूनही असतात.

दुसरं प्रवाळ दुकानात मिळतं. मुलांनी आणून देतो म्हटलं. मामा म्हणाले, "मिळतंय की," आणि विषय सोडला. पाळ्या चालू, डोस चालू, उन्हाळ्यात कूलर चालू. मधला दगड मात्र मोकळा. कुणी विचारलंच तर म्हणत, "थोरली कुठं गेलीय? वेंगुर्ल्याला हाय ती." कापलेला तुकडा म्हणजे तीच, वयाने आणि रक्ताने तीच, हे त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. ती तिकडे मोठी होत असेल. तिला समुद्राचा वारा लागत असेल. रोज संध्याकाळी दिवे बंद करताना त्यांच्या तोंडी हे असायचं, आणि मामी तेव्हा आत काहीतरी काम काढायची.

"मामा, मी करू का त्यांना फोन?" मी एकदा विचारलं.

"नको पोरी. दिलेल्या लेकीला परत मागतोय असं वाटायचं. आन् इचारलं, तर आई कशी गेली ते सांगावं लागंल."

फोन तिकडूनच आला, गेल्या महिन्यात, रविवारी. मी जेवायला गेले होते. मामा बाही वर करून टाकीची काच आतून खरवडत होते, म्हणून मला म्हणाले, बघ कुणाचाय, स्पीकर लाव. मी नाव वाचलं आणि मामी पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आली.

"मामा, ओळखलंत का?"

"ओळखलं की राव. बोला पावणं. समदी खुशाल?"

"आम्ही बरे आहोत. मामा, रागवू नका. फोन करायचा म्हणून कितीदा हातात घेतला आणि ठेवला. धाकटी गेली हो. मागच्या पावसाळ्यातच. वादळात लाईट गेली ती कितीतरी दिवस आलीच नाही. आईने आणि मी पाळीपाळीने पाणी हलवत होतो, पण नाय टिकली. तुम्हाला काय तोंड दाखवू, म्हणून कळवलं नाही. आता पण कुठल्या तोंडाने मागू. पण रिकामी टाकी बघवत नाय मामा. थोरलीचा एवढासा तुकडा पुन्हा दिलात, तर मी स्वतः येईन न्यायला."

मामांचा हात पाण्यातच राहिला.

"थोरली बी गेली राव," ते म्हणाले. "आमच्याकडं बी लाईट गेली व्हती."

"लाईटनं न्हाई गेली," दारातून मामी म्हणाली. फोनला सांगत होती की मामांना, मला कळलं नाही. "मोरचूदाची बादली व्हती ती. मी घातली पाण्यात."

मामांनी मागे वळून बघितलं नाही. "वाचवायला घातली व्हतीस," ते म्हणाले.

मामी तिथेच चौकटीला टेकली.

"मामा? ऐकू येतंय का?"

मामांनी हात बाहेर काढला, सदऱ्याला पुसला आणि स्पीकर चालू असूनही माझ्या हातातून फोन घेऊन कानाजवळ धरला.

"येतंय की. म्हंजी आता दोनीकडं नुसतं पाणीच हाय म्हणायचं. तरी या तुमी. बसू जरा."